हँडल फिरवणाऱ्या हातापासून व्हीआरआरपर्यंत: ओएलईडी मॉनिटर का लुकलुकतो?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका मित्राच्या मुलाने दिवाळीच्या सुमारास ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा) गेमिंग मॉनिटर घेतला. आठवड्याभरातच फोन. "काका, स्क्रीन लुकलुकायलीय. लोडिंगला तर हमखास. आणि गेममध्ये अंधाऱ्या गुहेत शिरलं की लईच." तोवर त्याने डिस्प्लेपोर्टची केबल दोनदा बदलली होती, यूपीएस काढून पाहिला होता आणि घरच्यांनी नेहमीप्रमाणे सगळा दोष लाईटवर टाकला होता. दुकानदाराने कुरकुर न करता मॉनिटरही बदलून दिला. दुसराही तसाच निघाला, तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

दोन्ही मॉनिटर धडधाकट होते. ही लुकलुक कुठल्या एका कंपनीच्या चुकीतून आलेली नाही. पडदा किती वेळाने बदलायचा हे एकदा पक्के ठरवून टाकण्याचा जो रिवाज पाऊणशे-ऐंशी वर्षे चालला, तो गेमिंगने मोडला. त्याची ही किंमत आहे. आणि ही गोष्ट सांगायला सुरुवात कोल्हापुरातूनच करता येते.

१९१८ साली बाबूराव पेंटर आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी इथे स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. त्या काळातले असे कॅमेरे हँडल फिरवून चालत. म्हणजे सेकंदाला किती चौकटी टिपल्या जाणार हे माणसाच्या मनगटावर. मूकपटांचा वेग साधारण सेकंदाला सोळाच्या आसपास धरला जाई, पण तो कुठेच काटेकोर नसे. प्रोजेक्टरही हाताने फिरत असे, आणि तो चालवणारा कधी पाठलागाला वेग वाढवी, कधी पुढचा खेळ वेळेत लावायचा म्हणून सगळाच चित्रपट पळवी. आज ज्याला आपण 'व्हेरिएबल रिफ्रेश रेट' (व्हीआरआर), म्हणजे पडदा बदलण्याचा दर कमीजास्त होऊ देणारी सोय, म्हणून जास्तीचे पैसे मोजतो, ती सिनेमाची जन्मखोड होती.

लुकलुकही तेव्हापासूनची. एक चौकट जाऊन दुसरी येईपर्यंत प्रोजेक्टरचे शटर प्रकाश अडवते. सेकंदाला सोळाच वेळा उजेड पडला तर डोळ्याला ती उघडझाप सहज कळते. म्हणून शटरला तीन पाती बसवली. एकच चौकट तीनदा दाखवायची, म्हणजे सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. पुढे चौकटी २४ झाल्यावर दोन पाती पुरली, तरी आकडा ४८च. हा आकडा लक्षात ठेवा, तो मॉनिटरच्या डब्यावर पुन्हा भेटणार आहे. (दोन्हींत कार्यकारण मी जोडत नाही. पण गंमत आहे.)

मनगटाची सत्ता संपवली ती आवाजाने. ध्वनिपट्टी फिल्मच्याच कडेला आली. चित्र थोडे पळाले तर प्रेक्षक चालवून घेतो, पण गाणे पळाले की गायकाचा सूर चढतो, आणि ते कोल्हापूरच्या प्रेक्षकाने चालवून घेतले नसते. वेग २४ वर बांधला गेला आणि हँडलच्या जागी मोटर आली. प्रभात फिल्म कंपनी जून १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली ती मूकपटांनी. १९३२ मध्ये तिने मराठीतला पहिला बोलपट दिला आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. एवढ्या थोड्या वर्षांत, याच गावात, पडद्याचा काळ माणसाच्या हातातून निसटून यंत्राच्या ताब्यात गेला.

त्यानंतर टीव्ही आला तोही घड्याळ बांधूनच. अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० हर्ट्‌झ, म्हणून तिथे सेकंदाला ६० क्षेत्रे (म्हणजे अर्ध्या चौकटी). आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून दूरदर्शन ६२५ रेषा आणि ५० क्षेत्रांचे. जुन्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत फॉस्फरच्या चमकणाऱ्या लेपावर आदळला की ठिपका उजळायचा आणि पुढच्या फेरीपर्यंत विझत जायचा. सायबर कॅफेत ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरसमोर तासभर बसलेल्याला डोके का दुखायचे, ते यावरून कळेल. जाणकार लोक सेटिंगमध्ये जाऊन ८५ हर्ट्‌झ करून ठेवत.

डोळ्याचा यातला स्वभाव शंभरेक वर्षांपूर्वीच मोजला गेला आहे. फेरी आणि पोर्टर यांच्या नावाचा नियम सांगतो की प्रकाश जितका जास्त, तितकी जलद उघडझापही डोळा पकडतो. नजरेच्या कडेला तर ती अधिकच जाणवते. आमच्या कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरात हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक होते. जुन्या चोकच्या ट्यूबलाईटचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. त्या उजेडात लेथचा, काम धरून फिरवणारा चार जबड्यांचा चक मिनिटाला दीड हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला बरोबर शंभर जबडे एका जागेवरून जातात आणि फिरणारा चक थांबल्यासारखा भासतो. हात घातला की बोटे गेली. म्हणून लेथवर साधा पिवळा बल्ब लावायचा किंवा शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर घ्यायच्या, हा तिथला जुना उपाय.

एलसीडी आल्यावर लुकलुक विसरली गेली. मागचा दिवा स्थिर, पुढचे द्रवस्फटिक सावकाश वळणारे. घड्याळ मात्र तेच राहिले, आणि गेमला ते जमेना. चित्रपटाची चौकट आधीच तयार असते. गेमची चौकट ग्राफिक्स कार्ड त्या क्षणी घडवते, आणि कधी ती ८ मिलिसेकंदांत होते तर समोर स्फोट झाला की २२ लागतात. मॉनिटर मात्र दर १६.६७ मिलिसेकंदांनी दारात उभा. अर्धवट चौकट दिली तर चित्र मधोमध फाटते, पुरी होईपर्यंत थांबवली तर खेळ अडखळतो.

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर करून हा व्यवहार उलटा केला. चौकट तयार होईल तेव्हाच मॉनिटरने पडदा बदलायचा. २०१४ मध्ये 'वेसा' या मानक संस्थेने हीच सोय ॲडॅप्टिव्ह-सिंक नावाने डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये घातली, एएमडीने तिच्यावर फ्रीसिंक उभे केले, २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये व्हीआरआर आले आणि २०१९ मध्ये एनव्हिडियानेही साध्या ॲडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरांना दार उघडले. हँडल पुन्हा हातात आले, फक्त या वेळी हात ग्राफिक्स कार्डाचा.

ओएलईडी या वाटेवर उशिरा आला. तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी कोडॅक कंपनीत त्याचा पाया घालणारा निबंध १९८७ मध्ये छापला, सोनीचा ११ इंची टीव्ही २००७ मध्ये आला आणि एलजीचा ५५ इंची २०१३ मध्ये. २०१९ च्या एलजी टीव्हींत एचडीएमआय २.१ आणि व्हीआरआर एकत्र आले, आणि वर्षभरातच लोक विचारू लागले की गेममधला अंधार लुकलुकतो का. कंपनीने दिलेल्या खुलाशाचा आशय असा की पॅनलची उजेड-अंधाराची जुळणी १२० हर्ट्‌झ धरून केलेली आहे. दर खाली आला की उपपिक्सेलांचे (पिक्सेलमधल्या बारीक रंगीत ठिपक्यांचे) भरणे बिघडते आणि ते गडद भागात दिसते.

हे भरणे म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. ओएलईडीत मागे दिवा नसतो, प्रत्येक उपपिक्सेल स्वतः जळतो. त्याच्यामागे ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर असतो. कपॅसिटरमध्ये जितका व्होल्टेज साठवला, तितका प्रवाह आणि तितका उजेड. हा कपॅसिटर म्हणजे पाझरणारा माठ समजा. पडदा बदलताना प्रत्येक ओळीतले माठ भरले जातात. १४४० ओळींचा पडदा २४० हर्ट्‌झवर असेल तर एका ओळीच्या वाट्याला जेमतेम तीन मायक्रोसेकंद येतात. शिवाय दर भरणीच्या वेळी त्या ओळीचा उजेड क्षणभर खाली जातो. पुन्हा भरेपर्यंत थोडे पाझरणे चालूच असते.

पाणी रोज ठरल्या वेळी येत असेल तर पाझर हिशेबात धरून माठ भरता येतो. कारखान्यात पॅनल जुळवताना नेमके हेच करतात. व्हीआरआरमध्ये मात्र पुढची भरणी ४.१७ मिलिसेकंदांनी येईल की २०.८३, हे पॅनलला आधी कळत नाही. बहुतेक मॉनिटर ओळी भरतात नेहमीच्या कमाल वेगानेच, आणि पुढची चौकट येईपर्यंत नुसते थांबून राहतात. सेकंदाला उजेडाच्या २४० छोट्या बुडक्या आणि ४८ छोट्या बुडक्या यांची सरासरी एकच कशी येणार? एलसीडीत सावकाश वळणारे स्फटिक हा फरक पुष्कळसा पोटात घालतात. (सगळे नाही, व्हीए जातीचे एलसीडीही व्हीआरआरमध्ये लुकलुकतात.) ओएलईडीचा पिक्सेल इतका चपळ की काहीच झाकत नाही. ज्या गुणासाठी तो घेतला, तोच इथे नडतो.

मग लुकलुक अंधारातच का? फेरी-पोर्टरचा नियम तर उजेडाकडे बोट दाखवतो. पण तो नियम जलद उघडझापीचा आहे. व्हीआरआरमध्ये डोळ्याला खुपते ते २४० किंवा ४८ हर्ट्‌झ नव्हे. दर एका पातळीवरून दुसरीवर उड्या मारतो आणि त्याबरोबर करड्या रंगाची छटा सेकंदाला दोन-चारदा हलते, ती खुपते. पांढऱ्या शुभ्र भागात तेवढा फरक हरवून जातो, गडद करड्यात तो मूळ उजेडाच्या मानाने मोठा ठरतो. लोडिंगचा काळपट पडदा, धुके, गुहा, रात्र: तक्रारी इथूनच येतात.

त्यात भर घालते ती एलएफसी, म्हणजे कमी फ्रेमरेटची भरपाई. अनेक मॉनिटरांची व्हीआरआरची खालची मर्यादा ४८ हर्ट्‌झ असते. प्लेस्टेशन ५ ला एप्रिल २०२२ मध्ये व्हीआरआर मिळाले तेही ४८ ते १२० याच टप्प्यात. गेम त्याखाली घसरला की ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, तीच चौकट पुन्हा दाखवतो, तीन पात्यांच्या शटरसारखाच. पण गेम ४९ चौकटींवर असताना पडदा ४९ हर्ट्‌झवर, आणि ४७ वर आला की एकदम ९४ वर. दोन चौकटींच्या घसरणीला जवळजवळ दुप्पट उडी. लोडिंगच्या वेळी फ्रेमरेट जवळपास शून्यापासून शेकड्यांत हेलकावे खातो, म्हणून तिथे तमाशा सर्वांत मोठा.

२०२२ मध्ये सॅमसंग डिस्प्लेचे क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) पॅनल घेऊन एलियनवेअरचा ३४ इंची, १७५ हर्ट्‌झचा मॉनिटर आला, २०२३ मध्ये २७ इंचीत २४० हर्ट्‌झ आले आणि प्रश्न दिवाणखान्यातून टेबलावर आला. कमाल दर जितका वाढला, तितके दोन टोकांतले अंतर वाढले. म्हणजे महागडा, जलद मॉनिटर घेणाऱ्याला लुकलुक जास्त दिसण्याची शक्यता. हे डब्यावर कुणी छापत नाही.

उपाय आले, पण सगळे एकाच वळणाचे. एलजीने २०२१ च्या टीव्हींत गडद भाग हाताने जुळवण्याची पट्टी दिली. वेसाने २०२२ मध्ये ॲडॅप्टिव्ह-सिंकच्या प्रमाणपत्रासाठी लुकलुकीची चाचणी ठेवली. एसूसने २०२४ च्या आरओजी मॉनिटरांत 'ओएलईडी अँटी-फ्लिकर' दिले. ते व्हीआरआरचा टप्पाच आवळते, म्हणजे दराला कमी भटकू देते. घरी आपण जे करू शकतो तेही असेच, मोकळे सोडलेले हँडल थोडे आवळायचे.

त्या मुलाच्या खोलीत बसून आम्ही तेच केले. २४० चा मॉनिटर, आणि त्याचे कार्ड त्या जड गेममध्ये ५० ते १३० यांच्यात कुठेही भटकत होते. सावल्यांचे सेटिंग दोन पायऱ्या उतरवले, डीएलएसएस (चित्र लहान आकारात घडवून मोठे करणारी एनव्हिडियाची सोय) चालू केले, त्यामुळे तळ नव्वदच्या वर आला आणि एलएफसीचा संबंधच तुटला. मग ड्रायव्हरमधून कमाल ९५ ला बांध घातला. डेस्कटॉपवरच्या खिडक्यांसाठी जी-सिंक बंद करून फक्त पूर्ण पडद्यावरच्या गेमला ठेवले. मॉनिटरमागे एक मंद दिवा लावला, कारण मिट्ट काळोख्या खोलीत डोळा अंधाराला सरावतो आणि नको ते बारकावे पकडतो. गुहेत शिरलो. लुकलुक शोधावी लागत होती.

नेमबाजीच्या हलक्या गेमसाठी मी त्याला व्हीआरआर सरळ बंद करायला सांगितले. तिथे त्याला दोनशेच्या वर चौकटी मिळतात. २४० हर्ट्‌झवर फाटलेले चित्र दिसलेच तर ४.१७ मिलिसेकंदांपुरते. त्याने अर्धा तास खेळून पाहिले आणि म्हणाला, "काका, फाटलेलं काय दिसंना."

लोडिंगचा पडदा अजून लुकलुकतो. त्याला आमच्याकडे इलाज नव्हता, आणि तेवढ्यासाठी तिसरा मॉनिटर मागू नकोस एवढे त्याला बजावले. पहिला मॉनिटर दुकानदाराने 'पॅनल खराब' अशी चिठ्ठी लावून परत पाठवला होता. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः जाऊन त्याला सगळा प्रकार सांगून आला.