विमान ग्रीनलंडवरून का जातं?

लंडनहून लॉस एंजेलिसला निघालेल्या विमानाचा मार्ग नकाशावर पाहिला की अनेकांना वाटतं, वैमानिकाचं काहीतरी बिनसलंय. जायचंय नैर्ऋत्येला आणि हा पठ्ठ्या चाललाय वायव्येला, ग्रीनलंडच्या बर्फाकडे! पृथ्वी सपाट मानणाऱ्यांना तर ही कमान म्हणजे आयता पुरावाच वाटते. प्रत्यक्षात फसवतो तो नकाशा. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेने गेलं तर सुमारे ९,७०० किलोमीटर पडतात, आणि त्या कमानीने सुमारे ८,७५०. (वारा बघून रोजचा मार्ग थोडाफार इकडेतिकडे सरकतो, ते वेगळं.)

गोलावर सरळ चालायचं म्हणजे डावीकडे वळायचं नाही आणि उजवीकडेही वळायचं नाही. पृष्ठभागच वाकलेला असल्यामुळे जेवढं वाकणं भाग आहे, तेवढंच वाकायचं. अशा मार्गाला जिओडेसिक म्हणतात. एखाद्या चेंडूवर अरुंद चिकटपट्टी लावून पाहा. चेंडूचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर ती सपाट बसते. टोकाजवळच्या लहान वर्तुळावरून न्यायला गेलात, की एका कडेला चुण्या पडतात. म्हणजे विषुववृत्त सोडलं तर एकही अक्षवृत्त ‘सरळ’ नाही. ‘अमुक चार प्राचीन वास्तू एका रेषेत आहेत, म्हणजे पूर्वजांना गूढ ऊर्जारेषा ठाऊक होत्या’ असे फॉरवर्ड फिरतात, त्यांतली रेषाही बहुधा सपाट नकाशावरच ओढलेली असते. जाड रेषा आणि जगभरच्या हजारो वास्तू हाताशी असल्यावर चार सापडल्या नाहीत तरच नवल.

इथपर्यंत शाळेतला भूगोल. खरी गंमत पुढे आहे, आणि तिच्यासाठी थोडं डोकं चालवावं लागेल.

पृथ्वीवरच्या प्रत्येक बिंदूपाशी एक बाण काढा. सगळे बाण पूर्वेकडे, पण लांबी त्या बिंदूच्या पृथ्वीच्या अक्षापासूनच्या अंतराएवढी. विषुववृत्तावर बाण सर्वांत लांब, ध्रुवांकडे जावं तसे आखूड आणि ध्रुवांवर शून्य. प्रत्येक बिंदूला असा एकेक बाण दिला की सदिश क्षेत्र तयार होतं. हवामानाच्या नकाशावरचे वाऱ्याचे बाण हेही सदिश क्षेत्रच. आपलं क्षेत्र मात्र खास आहे. सगळे बिंदू या बाणांच्या दिशेने एकदम सरकवले, तर गोल नुसता फिरतो. कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर तसूभरही बदलत नाही. अशा क्षेत्रांना विल्हेल्म किलिंग या जर्मन गणितज्ञाचं नाव मिळालं आहे.

किलिंगच्या बऱ्याच आधी, अठराव्या शतकात, फ्रान्सच्या अलेक्सी क्लेरोला या फिरण्याचा आणि जिओडेसिकचा संबंध दिसला होता. (हा नुसता टेबलाशी बसणारा गणिती नव्हता. पृथ्वीचा आकार मोजायला १७३६ साली लॅपलंडला गेलेल्या मोहिमेत तो होता.) त्याचा नियम असा: अक्षापासूनचं अंतर गुणिले मार्गाने रेखावृत्ताशी केलेल्या कोनाचा साइन, हा गुणाकार जिओडेसिकवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो.

आपल्या विमानावर लावून बघू. पृथ्वीची त्रिज्या १ धरली तर अक्षापासूनचं अंतर म्हणजे अक्षांशाचा कोसाइन. लंडन ५१.५ अंशांवर, म्हणून ०.६२. तिथून निघताना विमान उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ४८ अंश कललेलं असतं, त्याचा साइन ०.७४. गुणाकार ०.४६. आता मार्ग सर्वांत उत्तरेला पोचतो तिथे विमान बरोबर पश्चिमेला तोंड करून असतं. कोन ९० अंश, साइन १. म्हणजे तिथल्या अक्षांशाचा कोसाइन ०.४६, आणि अक्षांश सुमारे ६२. ग्रीनलंडचं दक्षिण टोक ६० अंशांच्या आसपास आहे. झालं, विमान ग्रीनलंडवर पोचलं! शिवाय साइन १ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे या मार्गाला ६२ अंशांच्या फार पलीकडे जाणं शक्यच नाही. ध्रुवाभोवतीचा सगळा प्रदेश त्याला बंद. ध्रुवावरून जायचं असेल तर गुणाकार शून्यच हवा, म्हणजे थेट रेखावृत्तच धरायला हवं.

हा नियम का खरा आहे? घर्षण नाही, गुरुत्वाकर्षण नाही, अशा गुळगुळीत गोलावर एक कण ढकलून द्या. त्याच्यावर बल एकच: गोलाचा पृष्ठभाग लावतो ते, पृष्ठभागाला लंब. ते गतीलाही लंब, म्हणून वेग कमीजास्त होत नाही. डावी-उजवी ओढ नाही, म्हणून मार्ग जिओडेसिक. आणि या लंबाची रेषा गोलाच्या केंद्रातून, म्हणजे अक्षातून जाते. दाराच्या बिजागरीच्या रोखाने कितीही जोर लावला तरी दार फिरत नाही, तसं हे बल कणाला अक्षाभोवती पिळू शकत नाही. म्हणून अक्षाभोवतीचा कोनीय संवेग अबाधित. कणाचं वस्तुमान १ धरलं तर तो संवेग म्हणजे अक्षापासूनचं अंतर गुणिले वेगाचा पूर्व-पश्चिम भाग. वेग स्थिर असल्यामुळे उरतो तो क्लेरोचा गुणाकार. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, तिथेही हेच चालतं. अक्षाभोवती फिरवून तयार होणाऱ्या कुठल्याही पृष्ठभागाचे लंब अक्षालाच भेटतात किंवा त्याला समांतर असतात.

आइन्स्टाइनने १९१५ मध्ये हीच भाषा आकाशाला लावली. त्याच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण हे बल नाही. मुक्तपणे पडणारी वस्तू वक्र अवकाशकाळात (अवकाश आणि काळ एकत्र धरून) जिओडेसिकवर चाललेली असते. (अंतराळस्थानकात ‘गुरुत्वाकर्षण नसतं’ म्हणून माणसं तरंगतात हे साफ चूक. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे नऊदशांश असतं.) सूर्याभोवतीच्या अवकाशकाळात किलिंगची क्षेत्रं मिळतात: कुठल्याही अक्षाभोवती फिरवलं तरी काही बदलत नाही, आणि काळात पुढे सरकवलं तरीही नाही. पहिल्यातून ग्रहाचा कोनीय संवेग स्थिर राहतो, दुसऱ्यातून ऊर्जा. एवढ्या भांडवलावर बुधाची कक्षा मांडता येते. न्यूटनच्या समीकरणात नसलेलं एक छोटं पद मधे येतं आणि लंबवर्तुळ मिटत नाही. शतकात ४३ विकला, म्हणजे अंशाच्या ऐंशीव्या भागाहूनही थोडंसं कमी, ते जास्तीचं फिरतं. याच फरकापायी एकोणिसाव्या शतकात ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने सूर्याजवळ एक अज्ञात ग्रह कल्पिला होता. तो कधीच सापडला नाही.

सूर्यापाशी नगण्य असलेलं ते पद कृष्णविवरापाशी भारी पडतं आणि क्लेरोची बंदी तिथे मोडते. कोनीय संवेग असूनही वस्तू आत जाऊ शकते. फिरणाऱ्या कृष्णविवराचं तर आणखीच वेगळं. रॉय कर या गणितज्ञाने १९६३ मध्ये दिलेल्या त्याच्या भूमितीत किलिंगची क्षेत्रं दोनच उरतात, आणि मार्ग पूर्ण सोडवायला तेवढे स्थिरांक पुरत नाहीत. १९६८ साली ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञाने हवा असलेला आणखी एक स्थिरांक शोधून दाखवला. तो मात्र कुठल्याही सदिश क्षेत्रातून येत नाही. त्यामागची सममिती बाणांनी दाखवताच येत नाही, तिला टेन्सर, म्हणजे बाणाहून गुंतागुंतीची गणिती वस्तू, लागतो.