हेडसेटचं ‘नॉइज कॅन्सलिंग’: माइकचं वेगळं, कानाचं वेगळं

हेडसेटच्या खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलिंग’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. कोणाच्या कानातला गोंगाट कमी होणार, हे मात्र बारीक अक्षरात शोधावं लागतं. कॉल सेंटरसाठी शे-दोनशे नग मागवताना सगळा घोळ इथेच होतो. माइकचं नॉइज कॅन्सलिंग फोनच्या पलीकडच्या ग्राहकासाठी असतं. एजंटच्या आजूबाजूचा कलकलाट ते त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. कानावरच्या कपांचं नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे एएनसी, हे एजंटच्या स्वतःच्या कानांसाठी असतं. महागातलं एएनसी घेतलं तरी ग्राहकाला ऐकू येणारी शेजारच्या एजंटची बडबड त्याने तसूभरही कमी होत नाही.

म्हणून आधी तक्रार कोणाची आहे ते पाहावं. ‘मागे फार आवाज आहे, तुमचं नीट ऐकू येत नाही’ असं ग्राहक म्हणत असेल, तर प्रश्न माइकचा आहे. एजंटच दर दोन मिनिटांनी ‘सर, परत एकदा सांगाल का’ म्हणत असेल, तर प्रश्न कानाचा आहे. क्यूएकडची, म्हणजे कॉलचा दर्जा तपासणाऱ्या विभागाकडची, दहा-पंधरा रेकॉर्डिंग ऐकली की हे कळतं. रेकॉर्डिंगमध्ये एजंटच्या बाजूने शेजाऱ्यांची वाक्यं स्पष्ट येत असतील, तर एएनसीवर पैसे घालवू नयेत.

माइक: अंतराचा खेळ

बूम माइक म्हणजे तोंडाशी येणाऱ्या दांडीवरचा माइक. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे तोंडापासूनचं अंतर. आवाज एका ठिपक्यातून पसरतो असं धरलं, तर अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. एजंटचं तोंड माइकपासून अडीच सेंटिमीटरवर आणि शेजारी एक मीटरवर असेल, तर दोघं सारख्याच जोरात बोलत असतानाही माइकपाशी एजंटचा आवाज सुमारे ३२ डेसिबलने वरचढ ठरतो. बूम १० सेंटिमीटरवर सरकला की त्यातले १२ डेसिबल गेले. कोणतंही सॉफ्टवेअर हे नुकसान पूर्ण भरून काढत नाही.

यावर नॉइज कॅन्सलिंगची भर पडते. साध्या प्रकारात माइकच्या पडद्याला पुढून आणि मागून अशी दोन भोकं असतात. दुरून आलेला आवाज दोन्हीकडून जवळजवळ सारखाच पोचतो, म्हणून पडदा फारसा हलत नाही. तोंडाचा आवाज पुढच्या भोकाशी बराच जोरात आणि मागच्या भोकाशी कमी पोचतो, म्हणून तो टिकतो. महागड्या प्रकारात दोन किंवा जास्त माइक असतात आणि ही वजाबाकी चिप करते.

यातून एक चूक हमखास होते. भोकांची बाजू ठरलेली असते, म्हणून बूम त्याच्या अक्षाभोवती फिरून उलटा झाला तर एजंटचा आवाज खोल आणि बारीक जातो. बऱ्याच मॉडेलवर तोंडाकडची बाजू ओळखायला ठिपका किंवा खूण असते, ती नव्या माणसाला पहिल्या दिवशीच दाखवावी. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर हवा. अगदी तोंडासमोर आणला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फटफट आवाज होतो आणि श्वासही ऐकू येतो. माइकवरची छोटी फोमची टोपी हरवली तरी हेच होतं. या टोप्या स्वस्त असतात, हेडसेटबरोबरच जास्तीच्या मागवून ठेवाव्यात.

मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या प्रमाणपत्रात ‘ओपन ऑफिस’ असा एक वेगळा दर्जा आहे. आजूबाजूच्या माणसांचं बोलणं माइक किती गाळतो, याच्याशी तो संबंधित आहे. तुम्ही टीम्स वापरत नसलात तरी मॉडेल निवडताना ही खूण उपयोगी पडते.

एएनसी: विमानासाठी छान, बडबडीसाठी अपुरं

आवाजावर त्याचाच उलटा आवाज सोडून तो मिटवायची कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल लुएग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळालं. अमर बोस यांनी १९७८ साली विमानप्रवासात या कामाची सुरुवात केली आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली बाजारात आला. तंत्र कशासाठी घडलं, ते या इतिहासातच दिसतं: इंजिनाची एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर.

कॉल सेंटरमधला गोंगाट त्या जातीचा नसतो. हिंजवडी असो की मालाड, फ्लोअरवर त्रास होतो तो माणसांच्या बोलण्याचा. उलटा आवाज अगदी अचूक वेळेला कानाशी पोचला तरच मूळ आवाज मिटतो. तो ध्वनिलहरीच्या एका आवर्तनाच्या सहाव्या भागापेक्षा जास्त चुकला, तर गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो. १०० हर्ट्झच्या घरघरीत हा सहावा भाग दीड मिलिसेकंदाहून थोडा जास्त असतो, यंत्राला पुरेसा वेळ मिळतो. ३००० हर्ट्झला तो मिलिसेकंदाच्या अठराव्या भागाइतकाच उरतो. म्हणून एएनसीचा खरा जोर सुमारे १००० हर्ट्झच्या खाली असतो. एसी, पंखे, जनरेटर, बाहेरची रहदारी हे सगळं छान दबतं. शेजाऱ्याच्या बोलण्यातला जडपणा जातो, पण ज्या व्यंजनांमुळे शब्द कळतो ती बरीचशी तशीच राहतात. खालची घरघर गेल्यामुळे कधीकधी शेजाऱ्याचे शब्द उलट जास्त स्पष्ट वाटतात. ‘एएनसी चालू आहे तरी सगळं ऐकू येतं’ ही तक्रार अशीच येते. हेडसेट बिघडलेला नसतो.

वरच्या पट्टीतला आवाज अडवतं ते कुशन. फोमच्या कुशनमधून आवाज आरपार जातो, लेदरेटचं (नकली चामड्याचं) कुशन कानाभोवती नीट बसलं की बरंच अडवतं. चष्म्याची जाड काडी, कानातले मोठे दागिने, कुशनखाली आलेले केस यांमुळे फट पडते आणि अडवणं तिथेच संपतं. आमचं मत स्पष्ट आहे: बोलण्याच्या गोंगाटात बजेट थोडं असेल तर चांगला बूम माइक आणि कान पूर्ण झाकणारी लेदरेटची कुशन घ्यावीत, एएनसी नंतर. बसण्याची जागा एसीच्या डक्टखाली किंवा रस्त्याकडच्या खिडकीपाशी असेल, तर मात्र एएनसीचे पैसे वसूल होतात.

हा प्रश्न कानाच्या आरोग्याचाही आहे. पलीकडचं बोलणं आरामात कळायला ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर लागतं. फ्लोअरवर ६५ डेसिबल असतील आणि कान उघडे असतील, तर एजंट आवाज ८० पर्यंत नेतो. कुशनने १० डेसिबल अडवले तर ७० वर भागतं. कामाच्या जागी आरोग्य सांभाळण्यासाठी असलेल्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेची शिफारस आठ तासांना सरासरी ८५ डेसिबलची आहे, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. रोजच्या शिफ्टला ८० आणि ७० मधलं हे अंतर फार मोलाचं असतं.

‘स्टिरिओ’ म्हणजे इथे दोन कान

फोनवरचा आवाज एकाच चॅनेलचा असतो, त्यात डावं-उजवं काही नसतं. कॉल सेंटरच्या हेडसेटवर ‘स्टिरिओ’ किंवा ‘ड्युओ’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ दोन्ही कानांवर कप. ‘मोनो’ म्हणजे एकच कप. गोंगाटात दोन कपच घ्यावेत: दुसरा कान झाकला जातो आणि तोच आवाज दोन्हीकडून आल्याने बोलणं कळायला सोपं जातं. मोनो रिसेप्शनसाठी ठीक आहे, तिथे समोरच्या माणसाशीही बोलायचं असतं.

ब्लूटूथवर तर गाण्यांचा स्टिरिओसुद्धा कॉल लागताच थांबतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये माइक चालू झाला की हेडसेट हँड्सफ्री प्रकारावर जातो. तिथे आवाज एका चॅनेलचा होतो आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर उतरतो. शिवाय एकाच हॉलमध्ये शंभर ब्लूटूथ हेडसेट आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात दाटी करतात, मग आवाज तुटतो. दाट फ्लोअरवर वायरचा यूएसबी हेडसेटच घ्यावा. एएनसीला वीजही तिथूनच मिळते, शिफ्टमध्ये बॅटरी संपायची भीती नाही.

दोन्ही घेतल्यावर काय बिघडतं

कान घट्ट झाकले की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, कोंडल्यासारखा वाटतो आणि किती जोरात बोलतोय याचा अंदाज सुटतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ साली मांडलं. एक एजंट चढला की शेजारीही चढतो, आणि सगळा फ्लोअर वर जातो. यावर उपाय म्हणजे साइडटोन: स्वतःचा आवाज हलकासा कानात परत सोडणं. तो हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि पुष्कळदा शून्यावर किंवा अगदी कमी ठेवलेला सापडतो. स्वतःचं बोलणं नेहमीसारखं वाटेपर्यंत तो वाढवावा.

दुसरा बिघाड थरावर थर चढवल्याने होतो. हेडसेटची चिप गोंगाट गाळते, सॉफ्टफोन, म्हणजे संगणकावरून कॉल करायचं सॉफ्टवेअर, गाळतो, वर क्रिस्पसारखं सॉफ्टवेअरही गाळतं. तीन गाळण्या एकमेकींवर चालल्या की शब्दांची सुरुवात कापली जाते, आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि ग्राहक ‘आवाज कट होतोय’ म्हणतो. एकच ठिकाण ठरवून बाकीचं बंद करावं. विंडोजमध्ये माइकचा बूस्ट, म्हणजे त्याचा आवाज वाढवणारी सोय, शून्यावर ठेवावा, आणि साउंडच्या कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडावं. नाहीतर कॉल लागला की बाकीचे आवाज आपोआप खाली जातात.

दोन नमुने मागवून तपासायची पद्धत

कॉन्फरन्स रूममध्ये चाचणी घेऊन उपयोग नाही. फ्लोअर सर्वांत गजबजलेला असेल त्या तासाला, नेहमीच्याच खुर्चीवर बसून, इमारतीबाहेरच्या मोबाइलवर फोन लावा. आधी दहा सेकंद गप्प राहा. या वेळात पलीकडे जे ऐकू येतं ते माइकने न गाळलेलं. मग बाजूच्या एजंटला एक मीटरवरून मजकूर वाचायला लावून दहा आकडी नंबर, एक रक्कम आणि एक ईमेल पत्ता सांगा. पलीकडच्याने हे सगळं लिहून घ्यावं. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘एफ’ आणि ‘एस’ मुद्दाम घाला. साधी फोनलाइन ३४०० हर्ट्झच्या वरचं कापते आणि ‘स’ ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून चुका इथेच पकडल्या जातात. मग उलट करा: पलीकडचा सांगेल, एजंट लिहील, एकदा एएनसी चालू ठेवून आणि एकदा बंद करून. चुकांची संख्या सारखीच आली, तर त्या जागेसाठी एएनसीची गरज नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी जोडणी पाहावी. जुन्या डेस्कटॉपला हिरवा आणि गुलाबी असे दोन जॅक असतील, तर चार पट्ट्यांचा ३.५ मिमी प्लग थेट चालत नाही, स्प्लिटर लागतो. डेस्क फोनच्या आरजे९ वायरची पिनरचना फोनच्या कंपनीप्रमाणे बदलते. क्विक डिस्कनेक्ट, म्हणजे हेडसेट वायरीवरून पटकन सोडवायची जोडणी, तीही सगळीकडे एकच नसते, पॉली आणि जॅब्रा या कंपन्यांची एकमेकांत बसत नाही. वायर एका कंपनीची आणि हेडसेट दुसऱ्याचा घेतला, तर माल गोदामातच पडून राहतो.

लेदरेट फाटून सोलायला लागलं की कुशन बदलावं, नाहीतर एएनसी आणि माइक जागेवर असूनही कानाशी फट पडते. हेडसेट शिफ्टमध्ये वाटून वापरत असाल, तर प्रत्येक एजंटला स्वतःच्या कुशनची जोडी आणि फोमची टोपी द्यावी. म्हणून सुट्टी कुशन मिळतात की नाही, हे ऑर्डरच्या आधीच विक्रेत्याकडून लिहून घ्यावं.