'लय फास्ट ताल' होता म्हणजे नेमकं काय होतं?

"लय फास्ट ताल होता राव!" सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातला कार्यक्रम संपवून बाहेर पडताना मागून कुणीतरी म्हणालं आणि मला हसू फुटलं. वाक्य अस्सल सोलापुरी. पण त्यातली 'लय' म्हणजे संगीतातली लय नव्हे, ती आपली 'लई', पुष्कळ. आणि जो फास्ट होता तो ताल नव्हताच. वाढली होती ती लय. तबलजी शेवटपर्यंत त्रितालच वाजवत होते. त्याच्या १६ मात्रांच्या, म्हणजे मोजायच्या ठोक्यांच्या, ना १५ झाल्या, ना १७. फक्त दोन मात्रांमधलं अंतर आवळत गेलं.

हा फरक कळायला सोलापूरकराने गवयाकडे जायची गरज नाही. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीतून चालत जावं. यंत्रमागाची खटक-खटक कानावर येते. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोन ठोक्यांत सारखं अंतर. ही लय. यातला पहिला ठोका कुठला आणि नववा कुठला, सांगता येणार नाही. आता त्याच मागावरची चादर बघा. नक्षी विणणाऱ्या जुन्या जेकार्ड यंत्रणेवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, एकेका आडव्या धाग्यासाठी एकेक पुठ्ठा. माळ फिरून पुन्हा पहिला पुठ्ठा आला की नक्षी नव्याने सुरू होते. ते फिरून येणं म्हणजे आवर्तन, तो पहिला पुठ्ठा म्हणजे सम. हा झाला ताल. माग हळू चालवा की जोरात, नक्षी तीच उतरते.

म्हणूनच गायक साथीदाराला "लय जरा वाढवा" म्हणतो, "ताल वाढवा" म्हणत नाही. आणि लय तालाशिवाय राहू शकते. सतारीवर आलापानंतर जोड सुरू होतो तेव्हा तबलजी हात मांडीवर ठेवून बसलेले असतात. ताल नसतो, पण आपली मान मात्र डोलायला लागलेली असते. उलटं कधी होत नाही. लय नसेल तर मात्रा मोजायच्या कशावर?

शब्दांची कुळं पाहिली की गंमत वाढते. 'लय' आला 'ली' या धातूपासून: विरघळणं, मिसळून जाणं. लीन, तल्लीन, विलय, प्रलय ही सगळी त्याचीच भावंडं. मराठीने तर लिंग बदलून वाटणी केली आहे: 'तो लय' म्हणजे नाश, 'ती लय' म्हणजे गाण्याची. पण नाशाचा गाण्याशी संबंध काय? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त लयीची व्याख्या दिली आहे: 'क्रियानन्तरविश्रान्तिर्लयः'. म्हणजे क्रियेनंतरची विश्रांती. ठोका नव्हे, ठोका विरून गेल्यावर पुढचा येईपर्यंतची जागा! मला तरी याहून नेमकी व्याख्या आढळलेली नाही.

तालाचा उगम तांडवातला 'ता' आणि लास्य या कोमल नृत्यातला 'ल' असा सांगतात. ऐकायला गोड, पण अशी अक्षरं जोडून शब्द बनत नाहीत. शार्ङ्गदेव 'तल्' धातू देतो, अर्थ प्रतिष्ठा: गीत, वाद्य, नृत्त ज्यावर उभं राहतं तो ताल. संस्कृतात 'ताल' म्हणजे टाळी वाजवणंही, आणि 'तल' म्हणजे तळहात. त्रिताल हातावर धरताना आपण १, ५ आणि १३ वर टाळी देतो, ९ वर हात रिकामा सोडतो, तेव्हा हे नातं अजूनही हातातच असतं. (तालीम मात्र या घराण्यातली नाही. ती अरबीतून आली.)

याच 'ताल'पासून मराठीत 'टाळी' आली आणि पंढरपूरच्या वाटेवरचा 'टाळ'ही. तेलुगूत त्याचं 'ताळम' होतं, पण तिथे कुलपालाही ताळमच म्हणतात. त्यामुळे पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या अव्वांनी (आजींनी) "ताळम आण" म्हटलं, की भजनाला निघाल्यात की घर बंद करून गावाला, हे आधी बघून घ्यावं लागतं.