नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा ऑफ यूएसए: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची तयारी

न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत शाळेच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी मराठी मुलं आता भरपूर दिसतात. त्यांतल्या मनापासून वाजवणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कार्नेगी हॉल या संगीतगृहाची नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा (एनवायओ) ही फार मोठी संधी आहे. आधी पैशांचं सांगते, कारण पुष्कळ पालक तिथेच थबकतात. निवड झालेल्या मुलांकडून शुल्क घेतलं जात नाही. प्रवास, राहणं, जेवण, शिकवणं हे सगळं कार्यक्रमाच्या खर्चात होतं.

ही ऑर्केस्ट्रा २०१३ साली सुरू झाली. दर उन्हाळ्यात देशभरातून निवडलेली शंभराच्या आसपास मुलं न्यूयॉर्कजवळच्या पर्चेस कॉलेजात एकत्र राहतात, नामवंत ऑर्केस्ट्रांतल्या वादकांकडून धडे घेतात, कार्नेगी हॉलमध्ये वाजवतात आणि मग दौऱ्यावर निघतात. दौरा बहुतेक वर्षी परदेशात असतो. २०१९ मध्ये युरोप होता, २०२४ मध्ये दक्षिण अमेरिका.

पात्रतेत पहिला प्रश्न वादनाचा नाही, इमिग्रेशनचा आहे. अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, म्हणजे कायम रहिवासी हवा. एच-४ व्हिसावरची, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेली मुलं इथे बसत नाहीत. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल, तरी कार्ड मंजूर होईपर्यंत कायम रहिवासी म्हणून गणना होत नाही. दहा-बारा वर्षं रांगेत असलेल्या घरांना हे लागतं, मलाही ते अन्यायाचं वाटतं. पण मुलाने वर्षभर घाम गाळल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आई किंवा वडील नागरिक झाले असतील आणि मूल अठराच्या आतलं, ग्रीन कार्डधारक आणि त्या पालकाच्या ताब्यात अमेरिकेतच राहत असेल, तर कायद्याने तेही आपोआप नागरिक होतं. अशा वेळी त्याचा अमेरिकन पासपोर्ट लगेच काढून घ्या.

वय १६ ते १९ हवं. जन्मतारखेची नेमकी मर्यादा दर वर्षीच्या सूचनेत असते आणि ती महिन्या-दिवसासह तपासावी लागते. १४ ते १७ वयासाठी एनवायओ-टू ही धाकटी ऑर्केस्ट्रा २०१६ पासून आहे. सॅक्सोफोन किंवा ड्रम सेट वाजवणाऱ्यांनी एनवायओ जॅझ या जॅझ वाद्यवृंदाकडे वळावं, कारण सिम्फनीत व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बास, फुंकवाद्यं, पितळी वाद्यं, हार्प आणि तालवाद्यं अशीच रचना असते.

कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) किंवा कॉलेजच्या संगीत विभागात वाद्यवादन हा मुख्य विषय घेऊन पूर्णवेळ शिकणाऱ्यांना प्रवेश नाही. म्हणजेच कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला असलेली अठरा वर्षांची चेलोवादक मुलगी अर्ज करू शकते. आपल्याकडे बारावीनंतर वाद्य पेटीत बंद होतं. तसं होऊ देऊ नका.

अर्ज ऑनलाइन असतो आणि साधारण शरद ऋतूत भरायचा असतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतच तयारीला लागावं. खरी परीक्षा व्हिडिओची. एकल वादनाबरोबर ऑर्केस्ट्रातले ठरवून दिलेले उतारे वाजवावे लागतात, आणि बहुतेक मुलं मागे पडतात ती या उताऱ्यांत. एकल वादनाचा कॉन्चेर्टो सुंदर वाजतो, पण उताऱ्यात लय धावते. परीक्षक तिथे लय, स्वरशुद्धता आणि सांगितलेल्या चिन्हांचं पालन ऐकतात. रेकॉर्डिंग जोडकाम न करता सलग करावं. चेहरा, हात आणि वाद्य एका चौकटीत दिसू द्यावं. माइक फार जवळ ठेवला की फोनवर मोठा आवाज फाटतो, म्हणून शांत खोलीत थोडं अंतर ठेवून आधी चाचणी घ्या. अर्जात मुलाने स्वतःबद्दल सांगायचा भाग असेल, तर तो त्यालाच करू द्या. पालकांनी घासूनपुसून दिलेली वाक्यं लगेच ओळखू येतात.

कागदपत्रांत पासपोर्टकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. सोळाच्या आत काढलेला अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि कित्येक देश प्रवासानंतरही सहा महिन्यांची वैधता मागतात. ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांना युरोपसाठी शेंगेन व्हिसा लागतो. निवड होताच आयोजकांना हे कळवून ठेवावं. जन्मदाखला, ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजू आणि पासपोर्टचं पान यांच्या स्वच्छ प्रती एकाच ठिकाणी ठेवा. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि वडिलांच्या नावाची जागा जुळते का, तेही पाहा. आपल्या नावांत हा घोळ फार होतो.

एकदा निवड झाली म्हणजे पुढच्या वर्षीची जागा पक्की, असं नाही. पुन्हा ऑडिशन द्यावी लागते.

एच-४ वरच्या मुलांनी इथेच थांबू नये. गावोगावच्या यूथ ऑर्केस्ट्रा सहसा व्हिसा विचारत नाहीत. ही परंपरा जुनी आहे: पोर्टलंडची १९२४ पासून, शिकागोची १९४६ पासून. लॉस एंजेलिसमध्ये तर १९६४ साली अमेरिकन यूथ सिम्फनी उभी केली ती मुंबईच्या मेहली मेहतांनी. आज न्यू जर्सी यूथ सिम्फनीसारख्या संस्थांत शुल्क असतं, पण आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीची यूथ ऑर्केस्ट्रा मात्र मोफत आहे. अशा बऱ्याच ऑडिशन वसंतात होतात, तेव्हा फेब्रुवारीपासूनच जवळच्या संस्थेच्या तारखा पाहायला लागा.