बांगड्याची तुकडी कुणाच्या ताटात?

गेल्या चवथीला फुगड्या झाल्यावर वहिनी जमिनीवर बसल्या, आणि उठताना त्यांना भिंतीला हात लावावा लागला. वय ४९. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांनी. "वजन दोन किलोच वाढलंय गो, मग पायांतली ताकद गेली कुठे?" त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि उत्तराचा एक भाग ताटातल्या प्रथिनांत आहे.

अमेरिकेत १९९६ साली ४२ ते ५२ वर्षांच्या ३,३०२ स्त्रियांना घेऊन 'स्वान' नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यातल्या स्त्रियांच्या शरीररचनेचं विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पाळी जाण्याच्या काळात शिरताच चरबी साठण्याचा वेग दुप्पट झाला होता आणि स्नायूंसह शरीराचा चरबी सोडून उरलेला भाग घटू लागला होता. शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षं हे चालू राहिलं. वजन वाढण्याचा वेग मात्र पूर्वीसारखाच होता. म्हणजे आत एवढी उलथापालथ चाललेली असताना वजनकाट्याला तिचा पत्ताच नसतो.

यामागे आहे इस्ट्रोजेन. हे संप्रेरक फक्त गर्भाशयापुरतं काम करतं अशी आपली समजूत असते, पण स्नायूंच्या पेशींवरही त्याचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, असतात. स्नायूंच्या कडेला राखीव मूळपेशी असतात, इजा झाली की त्या जाग्या होऊन डागडुजी करतात. इस्ट्रोजेन उतरलं की ही राखीव फौज आटते. त्यात वयाचीही भर पडते. स्नायू रोज थोडे मोडतात, रोज थोडे बांधले जातात, आणि बांधकामाला साहित्य लागतं ते आहारातल्या प्रथिनांचं. पंचविशीत थोड्या प्रथिनानेही हे काम सुरू होतं, उतारवयाकडे जाताना त्याच कामाला एका वेळी जास्त प्रथिन लागतं. हाडांचंही तसंच. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे, त्याचं जवळपास अर्धं आकारमान प्रथिनाचं असतं आणि कॅल्शियम त्या जाळ्यावर बसतं.

मग लागतं किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. पाळी जातानाच्या वर्षांसाठी त्यात वेगळा आकडा नाही. पासष्टीपुढच्या लोकांसाठी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं, आणि बरेच आहारतज्ज्ञ तोच पल्ला चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांनाही सांगतात. मला ते पटतं. भारतात सरासरी छेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी जाते, मग पासष्टीची वाट का पाहायची?

वहिनींचा दिवस आम्ही दोघींनी कागदावर मांडला. सकाळी चहा, एक पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) आणि पातळ भाजी: नऊएक ग्रॅम. अकराची पेज लोणच्याबरोबर: तीन. दुपारी भात-हुमण (माशांची नारळातली आमटी) आणि अख्खा बांगडा मिळाला तर वीसच्या आसपास. संध्याकाळी चहा-बिस्किटं: दोन. रात्री उरलेलं हुमण-भात: सात. बेरीज चाळीसच्या थोडी वर. आणि अख्खा बांगडा मिळाला तर! घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर वहिनींच्या ताटात बऱ्याचदा शेपटीची तुकडी आणि रस येतो. रसात चव असते, नारळ असतो, प्रथिन जवळजवळ नसतं. 'आम्ही मासे खाणारे, आम्हाला प्रथिनांची काय कमी' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. त्या वाक्यातलं 'आम्ही' म्हणजे घरातलं नेमकं कोण, हे एकदा तपासून पाहायला हवं.

शिवाय सोमवार असतो, कुणाचा गुरुवार असतो. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि त्या बंदीच्या अखेरीस किंवा पाठोपाठ श्रावण. पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) सुकट, गालमो (बारीक सुकी कोळंबी) मे महिन्यात डब्यांत भरलेले असतात, पण श्रावणात त्यांना हात लागत नाही. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने ताटातलं प्रथिन आणखी खाली जातं, आणि त्या जागी साबुदाणा, बटाटा येतो.

खरी उणीव सकाळची आहे. दिवसाचं जवळपास निम्मं प्रथिन दुपारी एकाच जेवणात येतं, आणि बाकीचा वेळ स्नायूंच्या हाती फारसं काही लागत नाही. दर जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम आलं तर त्यांना ते नीट वापरता येतं. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम असतात. पातळ भाजी अळसांद्यांची (चवळीसारखं कडधान्य) आणि वाटीभर घट्ट असली तर नऊच्या घरात जाते. पेजेबरोबर लोणच्याऐवजी सुकटाचं किसमूर (खोबरं घालून केलेली कोशिंबीर) घेतलं तर दहा ग्रॅम सुकटातही पाच-सहा ग्रॅम मिळतात. रक्तदाब असेल तर सुकट आधी पाण्यातून काढावं, मीठ फार असतं. श्रावणात मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ), वाल, सोया, पनीर, दही. कडधान्यात जे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) तोकडं पडतं ते भातात असतं आणि भातातली उणीव कडधान्य भरून काढतं, म्हणून उसळ-भात ही जोडी शास्त्रालाही धरून आहे. महागड्या पावडरींचे डबे बहुतेकींना लागणार नाहीत.

संध्याकाळी फरसाण-बिस्किटांवर हात का जातो, याचंही एक संभाव्य उत्तर इथेच आहे. प्रथिनांचा कोटा पुरा होईपर्यंत भूक भागत नाही, अशी कल्पना २००५ मध्ये सिम्पसन आणि राउबेनहायमर या संशोधकांनी मांडली. पाळी जाताना प्रथिनांची भूक वाढते आणि आपण ती पिठा-तेलाने भागवू पाहतो, असं त्यावरून पुढे सुचवलं गेलं. ही अजून अटकळ आहे, पण वहिनींना ती लगेच ओळखीची वाटली.

नुसतं खाऊन मात्र स्नायू बांधले जात नाहीत, त्यांना भार लागतो. विहिरीचं पाणी ओढणं, रगड्यावर वाटप वाटणं हे कष्टाचं होतं, आणि ते परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण मिक्सर आला आणि खांद्या-मांड्यांवरचा तो भारही गेला. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्याने सुरुवात होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागेल. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ततपासणी) आधी तपासून घ्यावं.

वहिनींचं क्रिएटिनिन ठीक निघालं. आता बांगडे वाढताना त्या एक अख्खा बांगडा आधीच झाकून बाजूला ठेवतात.