बंदरातला गाळ जातो कुठे?

कोकणातल्या खाड्यांना गाळ नवा नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावरची तांबडी माती नद्यांबरोबर खाली येते, भरती तिला खाडीच्या तोंडाशी अडवते आणि पाणी दरवर्षी थोडं उथळ होतं. राजापूरच्या धक्क्याला एके काळी गलबतं लागत. गाळाने ती वाट बुजत गेली, तसा तिथला बंदराचा व्यापारही ओसरला. त्यामुळे किनाऱ्यावरची जुनी मागणी एकच आहे: गाळ काढा. काढलेला गाळ टाकायचा कुठे, याची विचारणा कायद्याने फार उशिरा सुरू केली.

१९०८ च्या भारतीय बंदर कायद्यात कलम २१ होतं. बंदराच्या पाण्यात जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेली दगड-वाळू किंवा कचरा टाकायला, किंवा ज्याने उंचवटा तयार होऊन जहाजांना अडथळा होईल असं काहीही टाकायला त्यात मनाई होती. काळजी होती ती जहाजाच्या वाटेची. हद्दीबाहेर खोल पाण्यात गाळ ओतला की प्रश्न मिटला, असाच तेव्हाचा समज होता.

तो समज युरोपात मोडला. १९७१ मध्ये ‘स्टेला मारिस’ हे जहाज रॉटरडॅमहून रासायनिक कचरा घेऊन उत्तर समुद्रात निघालं आणि लोकांच्या संतापामुळे त्याला भरल्या पोटी परतावं लागलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७५ पासून तो लागू आहे. काय टाकायचं नाही, याची यादी त्यात होती. १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलने ती रीत उलटवली: यादीत आहे तेवढंच टाकता येईल, तेही तपासणी करून आणि परवाना घेऊन. त्या यादीतलं पहिलं नाव उपसलेल्या गाळाचं आहे. बंदी नाही, पण आधी तपासा आणि दुसरीकडे वापरता येतो का ते पाहा, असं तो प्रोटोकॉल सांगतो. तपासणी गरजेची, कारण गोदीतला गाळ म्हणजे नुसती माती नसते. कारखान्यांचे जड धातू, तेल, जहाजांच्या तळाला लावलेल्या रंगातलं विष हे सगळं बारीक चिखलाला चिकटून बसतं.

भारताने १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराला मान्यता दिली. किनारी देशाच्या स्पष्ट पूर्वपरवानगीशिवाय त्याच्या समुद्रात काही टाकू नये आणि देशाचे नियम जागतिक नियमांपेक्षा सैल नसावेत, असं त्याचं कलम २१० सांगतं. आपल्याकडे हा विषय प्रत्यक्षात मुख्यतः पर्यावरण मंजुरीच्या वाटेने आला. १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेची नजर जमिनीच्या पट्ट्यावर होती. २०११ च्या अधिसूचनेने १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी आणि तळही त्यात घेतला.

माझ्या मते खरी मेख आहे ती पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत आणि २००९ च्या दुरुस्तीत. नव्याने खोली वाढवण्यासाठीच्या उपशाला मंजुरी लागते. देखभालीचा उपसा मात्र मूळ प्रस्तावात धरलेला असेल आणि त्याला मंजुरी मिळालेली असेल, तर त्याला वेगळी मंजुरी लागत नाही. कागदावर हे रास्त वाटतं. पण कोकणात देखभालीचा उपसा म्हणजे न संपणारं काम. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे मोठमोठी कंटेनर जहाजं यावीत म्हणून चॅनेल, म्हणजे जहाजांची उपसून खोल केलेली वाट, टप्प्याटप्प्याने आणखी खोल होत गेलं. चॅनेल जितकं खोल, तितका त्यात गाळ जास्त भरतो आणि तितका तो पुन्हा उपसावा लागतो. मंजुरीआधीची जनसुनावणी एकदा होते, गाळ वर्षानुवर्षं पडत राहतो.

हॉपर ड्रेजर, म्हणजे गाळ उपसून पोटात भरून नेणारं जहाज, ठरलेल्या जागी जाऊन तळाची दारं उघडतं. जड भाग खाली बसतो आणि तळावरचे जीव गाडतो. बारीक चिखलाचा ढग भरती-ओहोटीबरोबर वाहत जातो. कोळ्यांची डोल जाळी ओढायची नसतात, ती प्रवाहाच्या तोंडाशी रोवून ठेवलेली असतात. जो प्रवाह बोंबील आणि जवळा जाळ्यात आणतो, तोच चिखलही आणतो. म्हणून गाळ टाकण्याच्या जागेची निवड हा केवळ अभियंत्याचा हिशेब नाही. ती जागा जवळ असली की इंधन वाचतं, आणि त्याची किंमत कोळी भरतो.

समुद्रावर पोट असणाऱ्यांचं नुकसान मोजता येतं, हे पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दाखवून दिलं. उरण-पनवेल भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश त्याने दिला. तो खटला भरावाचा आणि खाडीचं पाणी अडवल्याचा होता, गाळ टाकण्याचा नव्हे. पण पिढ्यान् पिढ्यांच्या मासेमारीची हानी भरून द्यावी लागते, हे तत्त्व त्यात मान्य झालं.

२०२५ मध्ये नवा बंदर कायदा आला आणि १९०८ चा गेला. आता गाळाची तपासणी, ड्रेजरने दारं कुठे आणि कधी उघडली याची नोंद, आणि टाकण्याच्या जागेभोवतीच्या पाण्याचं मोजमाप हे सगळं मच्छीमार सहकारी संस्थांना मराठीत मिळायला हवं. तेही पावसाळी मासेमारी बंदी संपून १ ऑगस्टला होड्या पुन्हा समुद्रात उतरायच्या आधी, म्हणजे जाळी कुठे रोवायची ते ठरवताना ती माहिती हाताशी असेल.