युद्धनायकांचे विपर्यस्त चित्रण : चित्रपट व जाहिरात (मराठवाडा)

इतिहासप्रसिद्ध सेनानी व राज्यकर्ते यांचे चित्रपट, दूरदर्शन मालिका, जाहिराती व फलक यांतून होणारे, उपलब्ध पुराव्याशी विसंगत असे चित्रण. पोशाख, दागिने, भाषा आणि शस्त्रे यांतील चुकांची चर्चा सर्वाधिक होते. परंतु लढाई कोणत्या कारणाने जिंकली गेली वा हरली गेली हेच बदलून टाकणारा विपर्यास त्याहून गंभीर असतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गोदावरीच्या खोऱ्यात झालेल्या मोठ्या लढायांचे निर्णय बहुधा पाणी, दाणागोटा, नदीचे उतार (पायी ओलांडण्याजोग्या जागा) आणि चाल यांवर झाले. पडद्यावर मात्र तो निर्णय नायकाच्या मनगटावर सोपवला जातो. या कारणासाठी मराठवाडा हा प्रदेश या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे.

असे चित्रण सिनेमापासून सुरू झाले, असे मात्र नाही. मोगल दरबारातील चित्रकार अबुल हसन याने जहांगीरसाठी काढलेले एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर धनुष्य ताणून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर नेम धरतो आहे, त्या मस्तकावर घुबड बसलेले आहे आणि गोलाखाली बैल व मासा आहेत. चित्रातील बारकावा अप्रतिम आहे. प्रसंग मात्र कधीच घडला नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा हा हबशी वजीर मोगलांच्या हाती कधी लागला नाही. १६१० मध्ये त्याने खडकी (नंतरचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) वसवली, तेथे नहरींनी पाणी खेळवले, मोगलांच्या मोठ्या फौजांना गनिमी काव्याने जेरीस आणले आणि १६२६ मध्ये वृद्धापकाळी तो मरण पावला. त्याची कबर खुलदाबादला आहे. रणात न साधलेला विजय कागदावर मिळवून देणारे हे चित्र दरबाराची जाहिरातच होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

वैजापूर तालुक्यातील पालखेड (नाशिक जिल्ह्यातील धरणामुळे परिचित असलेले पालखेड वेगळे) येथे फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने हैदराबादच्या निजामुल्मुल्काला (पुढे नुसता निजाम) कोंडीत पकडले. निजाम पुणे प्रांतात शिरला असताना बाजीरावाने त्याच्याशी समोरासमोर भिडण्याचे टाळले, खानदेश व गुजरातेतून वेगाने फिरून त्याला आपल्यामागे ओढले आणि जड तोफखाना मागे पडलेल्या त्याच्या फौजेचे पाणी व रसद तोडली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. घनघोर हातघाई न होता मिळालेल्या या विजयाला विसाव्या शतकातील ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी याने आपल्या युद्धेतिहासात रणनीतीतील गतिमानतेचा उत्कृष्ट नमुना म्हटले आहे. चित्रपटकाराची अडचण नेमकी येथेच होते, कारण तहानेने व्याकूळ झालेली छावणी आणि दिवसेंदिवस चाललेली घोडदौड यांतून टाळ्यांचे दृश्य सहजी निघत नाही. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) या चित्रपटाच्या अखेरीस बाजीराव निजामपुत्र नासिरजंगाच्या फौजेवर एकटाच तुटून पडतो. प्रत्यक्षात ती मोहीम १७४० च्या आरंभी पैठणच्या परिसरातील मुंगी-पैठणच्या तहाने संपली होती आणि बाजीरावाचा मृत्यू त्यानंतर नर्मदाकाठी रावेरखेडी येथे २८ एप्रिल रोजी आजारपणात झाला. काशीबाई व मस्तानी यांच्या एकत्र नृत्यावर मराठी वृत्तपत्रांत बरेच लिहिले गेले. एका पानभर तहाची जागा तलवारीने घेतली, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

‘पानिपत’ (२०१९) या चित्रपटाची सुरुवात उदगीरच्या विजयाने होते आणि त्यानंतर निजामाकडचा तोपची इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या चाकरीत येतो, असे दाखवले आहे. प्रत्यक्षात उदगीरच्या ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईत गारद्यांच्या (कवायती पलटणींच्या) तोफा मराठ्यांच्याच बाजूने धडाडत होत्या, म्हणजे इब्राहिमखान त्याआधीच सदाशिवरावभाऊच्या फौजेत होता. थोड्या काळाचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्यामुळे विजयाचे मुख्य साधनच विजयानंतर मिळालेले बक्षीस ठरते. शिवाय एका बाजूला भगवे व दुसऱ्या बाजूला काळे-हिरवे असे रंग वाटून देण्याची जी रीत पडद्यावर रूढ झाली आहे, ती येथे टिकत नाही. पालखेडच्या काळात चंद्रसेन जाधव व रावरंभा निंबाळकर हे सरदार निजामाकडे होते आणि मलिक अंबरच्या सैन्यात शहाजीराजे लढले होते. उदगीरनंतर ज्या परतुराहून (जालना जिल्हा) भाऊने उत्तरेकडे कूच केले, त्या गावाला या कथेत स्थान नसते. उलट भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या चित्रणावर राजस्थानात निदर्शने झाली आणि निर्मात्यांना काही दृश्ये कापावी लागली. आक्षेपाला संघटित आवाज असला तरच चूक दुरुस्त होते, असा अनुभव आहे.

जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आणि शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा भिडल्या. वाटाड्यांनी केळना नदीला उतार नसल्याचे सांगितले होते. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे वसलेली पाहून मध्ये उतार असलाच पाहिजे, असा वेलस्लीने तर्क केला आणि तो खरा ठरला. केळना व जुई यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत त्याने फौज उतरवली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी व गोलंदाजांनी इतका कडवा प्रतिकार केला, की इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. वेलस्लीचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. त्याच्या स्वतःच्या मते ही त्याची सर्वांत उत्तम लढाई होती. तरीही पाश्चात्त्य सिनेमात तो बहुधा वॉटर्लूसाठीच ओळखला जातो. ‘नेपोलियन’ (२०२३) मध्ये तर तो पराभूत नेपोलियनला जहाजावर भेटतो. हे दोघे आयुष्यात कधी भेटले नव्हते. वेलिंग्टन हे नाव आज बुटांच्या प्रकाराला चिकटले आहे. केळनेच्या उताराची ओळख त्या मानाने गावापुरतीच राहिली आहे.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाबाबतचा विपर्यास बहुतांशी छायाचित्रांचा आहे. १७ सप्टेंबरला गावोगावच्या शुभेच्छा फलकांवर वल्लभभाई पटेल यांच्यासमोर निजाम हात जोडून उभा असल्याचे छायाचित्र शरणागतीचे म्हणून झळकते. ते १९४९ च्या आरंभी बेगमपेट विमानतळावरील स्वागताचे आहे. लष्करी शरणागती १८ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे पत्करली होती. त्या प्रसंगी पटेल तेथे नव्हते. फलकाच्या खालच्या पट्टीत मात्र बारा-पंधरा स्थानिक पुढाऱ्यांचे चेहरे असतात आणि या संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना कोपऱ्यात जागा मिळाली तर मिळते.

जाहिरातीत नामवंत योद्ध्यापेक्षा बिननावाचा मराठा सरदार अधिक वापरला जातो, कारण त्यात कायद्याची अडचण कमी असते. जानेवारी २०२० मध्ये धुण्याच्या पावडरीच्या एका जाहिरातीत लढाईहून परतलेले मावळ्यांच्या वेषातील लोक कपडे धुताना दाखवले गेले, तेव्हा मुंबईत पोलिसांकडे तक्रार झाली होती. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी अशा मोजक्या व्यक्तींची नावे व चित्रे येतात. त्यांचे चित्र दिनदर्शिकेवर छापता येते. मात्र त्यावर फक्त निर्माता व मुद्रक यांचीच नावे हवीत आणि ती दिनदर्शिका मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेली नसावी. बाजीराव, मलिक अंबर, सदाशिवरावभाऊ किंवा इब्राहिमखान यांना असे संरक्षण नाही.